होडीच्या कागदावरची दोन नावं

रविवार, ३ सप्टेंबर १९८९. कोपनहेगन

आणि मी काय होडीला मशीन बसवायला कधी नको म्हटलं होतं? मशीनचे पैसे जमवायलाच तर मी बोटीवर चढलो. तेव्हा सदा म्हणायचा, वल्ह्यावर भागतां आपला, घाई कित्याक. आता घाई झाली. आता त्याला मुलगी ठरली ना. रेडीची. कावेरी नाव. मुलीचा भाऊ रेडीला लोखंडाच्या मातीच्या बार्जवर कामाला आहे, पैसेवाला. तो मशीनसाठी दहा हजार घालणार, आणि दहा हजार घालणारा म्हणतो, होडीच्या कागदावर माझं नाव पाहिजे. म्हणजे तिथलं दत्तारामचं, माझं नाव काढायचं. हे पत्रात सरळ लिहायची सदाला लाज वाटली. लिहितो कसा, 'तू लांब असतोस, तुला होडीचा काय उपयोग, तुझ्या अर्ध्या वाट्याचे पैसे देऊन टाकू. सोबतच्या कागदावर सही करून पाठव.'

सोबतचा कागद! टाईप करून आणलाय मालवणहून. फुलीसुद्धा मारलीय पेन्सिलीने, कुठे सही करायची ती. मी चौथी शिकलो म्हणून काय मला जागा कळत नाही?

आणि खाली दोन ओळींत, लग्न मार्गशीर्षात, तू येशील ना.

येतो. थांब तू.

सोमवार, ४ सप्टेंबर

ही वही इथल्या एजंटाने सगळ्यांना वाटली. पुढे कॅलेंडर छापलंय, त्यात चतुर्थी नाही. आज आचऱ्याला आमच्या घरी गणपती आला असेल. दरवर्षी आरतीला टाळ सदाच्या हातात. यंदा रेडीचे पाहुणे बसले असतील पाटावर आणि माझी आई, माई, त्यांना मोदक वाढत असेल. माईसुद्धा तशीच. तिला कोणीही जवळचं वाटतं.

इक्बालचाचांनी गूळ-खोबऱ्याच्या करंज्या तळल्या. चाचा आमच्या बोटीवर स्वयंपाकी. घर मालवणात, वय पन्नासच्या वर, पंचवीस वर्षं दर्यावर. बोटीवर मराठी वाचणारे आम्ही दोघंच. बाकी केरळचे आणि गुजरातचे. बोटीच्या इंजिनाचा मोठा दांडा मोडला म्हणून जुलैपासून आम्हाला इथल्या गोदीत बांधून ठेवलंय. नऊ जण राखणीला. काम म्हणजे गंज खरवडायचा आणि रंग मारायचा. संपला की परत पहिल्यापासून.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

सही केली नाही.

होडीची नोंद केली त्या दिवशीची गोष्ट राहून राहून आठवते. मालवणच्या बंदर ऑफिसात आम्ही दोघं उभे, अंगाला अजून रंगाचा वास. कारकून म्हणाला, "मालकाचं नाव सांगा." सदा म्हणाला, दोघांची लिवा. कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "भाऊ आहात?"

"नाय."

"मग एकाचं घाला. पुढे भांडणं होतात."

सदा म्हणतो, "भांडलंव तर होडी मधी कापून घेव, सायब. अर्धी हेका, अर्धी माका. दोघंय बुडू."

कारकून हसला आणि त्याने दोन नावं लिहिली. वर सदानंद, खाली दत्ताराम. चार वर्षं झाली. त्याची नक्कल माझ्या पेटीत आहे, प्लॅस्टिकमध्ये. आमच्या दोघांची नावं एकत्र असलेला जगात तेवढाच कागद. आता मी एक सही केली की तोही नाही.

गुरुवार, १४ सप्टेंबर

क्रेनवाला येन्स मला त्याच्या डब्यातलं देतो. अठ्ठावन्न वर्षांचा रेड्यासारखा माणूस. दहा वाजता खाली उतरतो आणि माझ्या शेजारी दोरखंडावर बसतो. पावात दालचिनी घातलेलं काहीतरी असतं, ऊन ऊन. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, बायको करते? तो म्हणाला, पॉल करतो. मी म्हटलं, भाऊ? तो म्हणाला, नाही, पॉल.

मी खात राहिलो. पाव चांगला होता.

गुरुवार, २१ सप्टेंबर

आज कळलं ते लिहून ठेवतो, कारण कोणाला सांगितलं तर पटणार नाही.

येन्सने मला आणि चाचांना बोलावलंय. १३ ऑक्टोबरला, शुक्रवारी, इथल्या नगरपालिकेच्या मोठ्या इमारतीत. म्हणाला, मी आणि पॉल सही करणार, तुम्ही या. मला वाटलं घर घेतायत दोघं मिळून. मी म्हटलं अभिनंदन, किती खोल्या? चाचा हसायला लागले, तोंडावर फडकं धरून. येन्स गेल्यावर म्हणाले,

"घर न्हय रे बाबा. लगीन."

"कोणाचा?"

"तेंचाच. दोघांचा."

"बापयाचा बापयाशी?"

"तां तर. हय कायदो झालो. येत्या पयल्या तारखेपासून. चर्चात नाय, पण सरकारी दप्तरात. नवरा-बायकोचो हक्क मेळता, मालमत्तेचो, सगळो. फक्त पोरां दत्तक घेवंक मेळणत नाय."

मी म्हटलं, ह्या लोकांका काय कामधंदो नाय. चाचा म्हणाले, "तू डोळे वटारू नको. जगात हय पयल्यांदाच झाला, आणि तुका आवातना इला. कापडां धुव."

एकवीस वर्षं राहतात म्हणे एका घरात. मग आता कागद कशाला? एवढ्या वर्षांनी कोणाला दाखवायचाय?

मंगळवार, २६ सप्टेंबर

विचारलंच त्याला. येन्सने खाता खाता सांगितलं. तीन वर्षांपूर्वी पॉलला छातीत दुखलं. ह्याने त्याला उचलून दवाखान्यात नेला. तिथल्या बाईने विचारलं, तुम्ही कोण? हा म्हणाला, मित्र. ती म्हणाली, मित्रांनी बाहेर बसावं. दोन दिवस बाकावर बसला. आत पॉलची बहीण, जी वर्षातून एकदा यायची. ती बाहेर येऊन सांगायची, शुद्धीवर आहे, झोपलाय, पाणी घेतलं. तेवढ्यावर हा दोन दिवस.

सांगताना त्याने पाव खाली ठेवला नाही. पण चावला पण नाही.

मला एक आठवलं. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात आमची होडी उलटली. सदा दोन तास पाण्यात होता, उलट्या होडीला धरून. मला कधी कळलं? जुलैत. माईच्या पत्रात. आधी कौलांचं, मग शेजारच्या यशोदाच्या बाळाचं, मग 'सदाची होडी उलटली होती, पण देवाच्या कृपेने'. एक ओळ. तो पाण्यात होता त्या दिवशी मी काय करत होतो ते मी आठवायचा प्रयत्न केला. आमची बोट तेव्हा तुर्कस्तानच्या बंदरात होती. बहुतेक मी कलिंगड खात होतो.

आणि आता तर काही झालं तर आधी रेडीला कळवतील.

रविवार, १ ऑक्टोबर

गोदीच्या कँटीनमध्ये टीव्ही आहे. तीच लग्नं दाखवत होते. दहा-अकरा जोड्या, सूट घातलेले, फुलं लावलेली. म्हातारे पण होते. बाहेर गर्दी, कोणी दगड मारत नव्हतं, उलट टाळ्या. आमचे केरळवाले उठून गेले. मी पण उठणार होतो. डोकं फिरलंय लोकांचं, असं मोठ्याने म्हटलं. मग परत बसलो कारण चहा राहिला होता.

एक म्हातारा दुसऱ्याच्या कॉलरवरचा केस काढत होता. कॅमेरा समोर असताना. ह्यांना काही वाटत नाही.

चहा गार झाला तरी मी तिथेच.

रविवार, ८ ऑक्टोबर

आज मी वाईट काम केलं आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आमच्याकडे लग्नं मोडतात कशी ते सगळ्यांना माहीत आहे. निनावी पत्र. मुलीच्या बापाला एक कार्ड जातं, 'हितचिंतक' अशी सही, आणि मांडव उतरतो. मी कावेरीच्या बापाला लिहिलं. डाव्या हाताने, कारण माझं अक्षर सदाला ओळखू येतं. इथलं तिकीट लावलं तर शेंबडं पोरही सांगेल कोणाचं ते, म्हणून ते इक्बालचाचांकडे दिलं. चाचांचा करार संपला, ते २० तारखेला विमानाने मुंबईला जाणार. सगळ्यांचीच पत्रं ते नेतात, मुंबईला तिकीट लावून टाकतात. तपासणीला उघडतात म्हणून पाकिटं चिकटवायची नाहीत, असं सांगितलं होतं. बाकीच्या पत्रांच्या मध्ये खुपसून दिलं.

कावेरीबद्दल वाईट लिहायला मला काही माहीत नव्हतं, तिला मी बघितलेलीच नाही. म्हणून सदाबद्दल लिहिलं. चांगलं पानभर.

आता मोडू दे. मग बघू मशीन कोण बसवतो ते.

मंगळवार, १० ऑक्टोबर

चाचांनी जेवण झाल्यावर मला भटारखान्यात थांबवलं. खिशातून पत्र काढलं. चष्मा लावला आणि वाचायलाच लागले. मी म्हटलं, दुसऱ्याचं पत्र वाचतात? ते म्हणाले, ह्याच्याखाली कोणाचा नावच नाय, मगे दुसऱ्याचा कसा? आणि मोठ्याने वाचलं:

"'आपली मुलगी आपण आचऱ्यास देत आहात असे कळले. मुलगा दिसतो तसा नाही. पहाटे उठत नाही, खांदा धरून हलवावा लागतो, तेव्हा एक डोळा उघडतो. पाण्यातून आल्यावर डोके पुसत नाही, मग तीन दिवस शिंकतो. गार वाऱ्यात दुसऱ्याचे कांबळे ओढून घेतो. आपल्या ताटातला सुरमईचा मधला तुकडा दुसऱ्यास देतो, असा माणूस संसारात कामाचा नाही. डाव्या खांद्यामागे गळ लागल्याची खूण आहे, ती पावसाळ्यात दुखते पण सांगत नाही. चालताना गातो. सूर नाही.'"

हसता हसता चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम हसायचे थांबले. चष्मा काढून पुसत बसले.

"दत्ता," म्हणाले, "ह्यां पत्र वाचून नवरो कसो आसा तां कळाचा नाय. लिवणारो कोण तां कळतला."

"डाव्या हातान लिवलंय."

"हात खंयचो तां नाय सांगणंय मी."

मी म्हटलं, पोस्टात टाकणार की नाही तेवढं सांगा. त्यांनी पत्र चुलीवर धरलं. मी अडवलं नाही. अडवायला पाहिजे होतं. का नाही अडवलं कळत नाही.

जाताना म्हणाले, "त्या येन्साकडे तुका बरा वाटता मा? शुक्रवारी ये. मुद्दाम ये."

चाचांना काय म्हणायचंय ते मला समजलं नाही.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

गेलो.

येन्स तपकिरी सुटात ओळखू येत नव्हता. पॉल लहानखुरा, टकला, तोंडावर पीठ उडाल्यासारखा पांढरा. तो येन्सला बुटाच्या नाडीवरून बोलत होता. येन्स वाकत नव्हता, त्याचा सूट घट्ट. शेवटी पॉलच वाकला आणि त्याने बांधली. मला वाटलं कोणी हसेल. कोणी हसलं नाही. पॉलची बहीण होती, दोन शेजारी होते, गोदीतले चार जण. येन्सचा भाऊ आला नव्हता. येन्स दाराकडे बघायचा, मग पॉल त्याच्याकडे बघायचा.

माझ्याकडे येन्सचा ओव्हरकोट धरायला दिला होता. दोन मण वजन. त्या कोटाला लोखंडाचा आणि दालचिनीचा वास.

मंत्र नाहीत, अंतरपाट नाही. एका बाईने पाच मिनिटं वाचलं. दोघं 'या' म्हणाले. या म्हणजे हो. मग सही. क्रेनच्या दांड्याने चाळीस टन उचलणारा माणूस, त्याच्या हातून पेन निसटलं. पॉलने उचलून दिलं आणि काहीतरी म्हणाला, तेव्हा सगळे हसले. चाचांनी शेजाऱ्याला विचारून मला सांगितलं. पॉल म्हणाला होता, एकवीस वर्षं थांबलो, अजून दोन मिनिटं थांबतो.

मी तो कागद मागून बघितला. वाचता आला नाही, नावं तेवढी लागली. एकाखाली एक. शिक्का मालवणच्या शिक्क्यापेक्षा लहान आहे.

खरं लिहायचं तर मला राग आला. आनंद वगैरे नाही. राग. ह्यांना कसं मिळालं? मोठे काय लागून गेले? आम्ही दोघांनी काय कमी दिवस काढले? आम्ही पण एका कांबळ्यात झोपलोय वाळूवर, जाळ्याची राखण करत. आमच्याकडे पण कागद आहे. मग त्यांच्या कागदावर केक कापायचा आणि माझ्या कागदावर पेन्सिलीने फुली मारायची?

आम्ही म्हणजे होडीवाले, एवढंच म्हणायचंय मला. त्यांच्यासारखं नाही.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी तांदूळ उधळले. अक्षताच की, फक्त कुंकू नाही. माझ्या मुठीतही दिले होते. चाचांनी टाकले. मी टाकले ते येन्सच्या कॉलरमध्ये गेले आणि तो लहान मुलासारखा उडाला.

येताना चाचांना विचारलं, तुमच्या धर्मात चालता काय ह्यां?

"धर्मात चालणा नाय. माज्या भटारखान्यात चालता. जेवाक येणाऱ्याक मी इचारणंय नाय, तू कोणाबरोबर रवतंस तां."

मग गोदीच्या फाटकाशी, मी काही न विचारता, म्हणाले, "तू आपला घरचा बघ. हयचा हय. आमच्या गावात ह्यो कायदो येवंक आमच्या नातवंडांची हाडां झिजतली. पण मानूस खंय कायद्याची वाट बघता?"

चाचा हल्ली कोड्यात बोलतात. घरी जायच्या आधी माणसाचं असं होतं.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

सदाचं दुसरं पत्र. आज फारच राग आला आहे.

असं लिहिलंय: 'सही केली नसशील तर करू नको. कावेरीला भेटलो सावंतवाडीला, साड्या घ्यायला सगळे गेलो होतो तेव्हा. तिने विचारलं, होडी कोणाची? मी म्हटलं दोघांची. ती म्हणाली, मगे तेंचा नाव काढतास कित्याक? माज्या भावाक पैसे देवचे तर उसने देवंदे, नाव कित्याक होया? तिच्या भावाला ते लागलं. तो आता पैसे देत नाही. मशीन राहिलं. राहू दे. वल्ह्यावर भागेल. ती सारखी तुझ्याबद्दलच विचारते. मी तिला सांगायचं म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. तू ये रे लग्नाला. तू नसलास तर मी बोहल्यावर कोणाकडे बघू?'

म्हणजे ती चांगली आहे. मला वाटलंच होतं ती चांगली निघणार. वाईट असती तर निदान बरं झालं असतं. आता माझं नाव राहणार ते तिने सांगितलं म्हणून! अजून माप ओलांडलं नाही आणि होडीवर कोणाचं नाव ठेवायचं ते ठरवते. मी काय तिच्या मेहेरबानीवर?

शेवटची ओळ मी चार वेळा वाचली. तिच्याकडे बघ की. बोहल्यावर आणि कोणाकडे बघतात?

बुधवार, १८ ऑक्टोबर

रंग मारला. पाऊस.

येन्स आला होता. हातात अंगठी, पण बोट जाडं, ती अर्ध्यावरच अडकलेली. म्हणाला, पॉलला नेलं होतं त्या दवाखान्यात जाऊन त्याने कागद दाखवला. दुखत नव्हतं काही कोणाचं. मुद्दाम गेला. त्याच बाईला शोधलं. ती नव्हती, बदलून गेली होती. तरी दुसरीला दाखवला, आणि तिने फाईलमध्ये त्याचं नाव लिहून घेतलं, 'कळवायचं कोणाला' त्या जागेत. एवढं सांगायला तो खाली उतरला होता, क्रेन बंद करून. मुकादम वरून ओरडत होता.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

टाईप केलेला कागद फाडला. कॅप्टनकडे गेलो आणि माझा सगळा जमलेला पगार मागितला. तो म्हणाला, घरी कोण आजारी? म्हटलं, नाही. मग एवढी काय घाई? म्हटलं, आहे. त्याने कागद लिहून दिला. मुंबईच्या ऑफिसात तो दाखवला की चाचांना रुपये मिळतील, आणि चाचा स्वतः आचऱ्याला जाऊन सदाच्या हातात देतील. मनीऑर्डर नको. माझा करार मेपर्यंत, माझ्याकडे आता तोवरच्या विडीकाडीपुरतं राहिलं. लग्नाला जायचं तिकीट त्यातून येत नाही. लग्नाला मी जाणार नाही. बोटीवर काम आहे.

पत्र असं लिहिलं, उजव्या हाताने:

'सदा, माझं नाव काढायचं नाही. तिने सांगितलं म्हणून नाही, मी सांगतो म्हणून. दुसऱ्या कोणाचं घालायचंही नाही. दोनच. तुझं वर, माझं खाली, होतं तसं. मशीन मी घेतोय. तिच्या भावाला सांग, त्याचे दहा त्याच्याकडेच राहू देत. दर्यावर जाताना डोकं पुसायला काहीतरी ने. होडीला काही झालं, तुला काही झालं, तर त्याच दिवशी मला तार करायची. पत्रात खाली नाही. ती तार करायला कावेरीला शिकव, एजंटाचा पत्ता मागे लिहिलाय. तिला म्हणावं, मी विचारलं.'

शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दिलं.

चाचांनी पाकीट घेतलं. "लग्नाचो आहेर म्हणान सांगू?"

"आहेर नाय. मशीनचे पैशे. तसांच सांगा."

"बरां. मशीनचे."

पाकिटावर मी स्पष्ट लिहिलंय, म्हणजे कोणाचा गैरसमज नको: सदानंद यास, होडीच्या मशीनसाठी, दत्तारामकडून, रुपये अकरा हजार एक.